लोखंड, तांबे आणि खारे पाणी

वैतरणेच्या मुखाशी असलेला अर्नाळ्याचा जलदुर्ग मराठ्यांनी १७३७ मध्ये घेतला. त्याचे दगडी तट खारा वारा सोशीत आजही उभे आहेत. त्याचेच नाव धारण करून १८ जून २०२५ रोजी भारतीय नौदलात दाखल झालेल्या युद्धनौकेस मात्र इतके निश्चिंत राहता येत नाही. ती पोलादाची आहे.

समुद्र धातूस कसा खातो, याचा एक धडा ब्रिटिश आरमारास फार पूर्वी मिळाला. १७६१ साली ‘अलार्म’ या लाकडी जहाजाचा तळ, किडीपासून रक्षण व्हावे म्हणून, तांब्याच्या पत्र्यांनी मढविण्यात आला. दोन वर्षांनी पाहावे तो पत्रे शाबूत, परंतु त्यांस भिडलेले लोखंडी खिळे झडून गेलेले! खाऱ्या पाण्यात दोन भिन्न धातू एकमेकांस टेकले की विद्युत्प्रवाह सुरू होतो व त्यांतील एक झिजतो. येथे तो मान लोखंडाचा. पत्र्यांच्या वेष्टनाचा तपकिरी कागद जेथे मध्ये राहून गेला होता, तेथले खिळे तेवढे धड निघाले. कोणाच्या तरी आळसाने राहिलेला कागद संरक्षक लेप ठरला!

अर्नाळ्याहून फार दूर नसलेल्या अंबरनाथ येथील नौदलाच्या सामग्री-संशोधन प्रयोगशाळेने पाणबुडीसाठी वीज निर्माण करणारा इंधनघट सिद्ध केला; मार्च २०२१ मध्ये त्याची जमिनीवरील चाचणी यशस्वी झाली. अशा घटांत धातूच्या पट्टिका वापरावयाच्या तर आतील आम्ल त्यांस खाते; आणि येथे कागद चालत नाही, कारण पट्टिकेतून वीज वाहिलीच पाहिजे. म्हणून पोलादावर सोने, कार्बन अथवा टायटॅनियम नायट्राइड यांचा अतिशय पातळ थर देतात. सोने महाग, हे सांगावयास नकोच. थरात सुईच्या अग्राएवढे छिद्र राहिले, तरी तेथे उघड्या पडलेल्या पोलादाची गत ‘अलार्म’च्या खिळ्यांसारखी होऊ शकते.