उंच छताच्या घरातील वायुवीजन : शिरूर व दौंड

चार-साडेचार मीटर किंवा त्याहून उंच छताच्या घरात तापलेली हवा वरून बाहेर काढून माणसाच्या उंचीवर गारवा राखण्याची व्यवस्था. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात अशी घरे मुख्यतः दोन प्रकारची : जाड भिंतींचे कौलारू वाडे आणि इंग्रजी अमदानीच्या वळणाचे बंगले. बंगल्यांचे मूळ छावणी आणि रेल्वेत : शिरूरला (घोडनदी) एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कंपनी सरकारची छावणी होती. १८७८ मध्ये मनमाडचा रेल्वेमार्ग सुरू झाला आणि दौंड जंक्शन झाले. माळवदाची घरे ठेंगणी. त्यांचा गारवा डोक्यावरच्या मातीच्या थराचा, म्हणून ती येथे घेतलेली नाहीत.

दोन्ही तालुके पर्जन्यछायेत येतात. एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा ४० अंशांच्या आसपास जातो, पण हवा कोरडी असते आणि रात्री बरीच निवते. पुढच्या मुख्य युक्त्या या दोन गोष्टींवर उभ्या आहेत. मेच्या मध्याला सूर्य भरदुपारी जवळजवळ डोक्यावर येतो, त्यामुळे भिंतींपेक्षा छप्परच जास्त तापते. उन्हाळ्यापूर्वी गच्चीला वा पत्र्याला पांढरा चुना मारणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

उंची स्वतः गारवा देत नाही. ती तापलेल्या हवेला डोक्यावर थांबायला जागा देते, इतकेच. त्या हवेला वाट हवी. खालच्या खिडकीतून गार हवा आत येते आणि छतालगतच्या झरोक्यातून उष्ण हवा बाहेर पडते. बाकी सारे तेच राहून या दोन वाटांमधले अंतर चौपट झाले, तर प्रवाह दुप्पट होतो. जुन्या बांधकामात दोरीने उघडणारी वरची झडप याचसाठी असे. आज ती बहुधा रंगाच्या थरांनी चिकटलेली, कबुतरे येतात म्हणून ठोकून टाकलेली किंवा माळ्यामागे गाडलेली आढळते. नवे यंत्र आणण्याआधी ती मोकळी करून जाळी बसवावी. खिडक्या रात्रभर उघड्या ठेवून सकाळी नऊच्या सुमारास मिटाव्यात : भिंती रात्री निवतात आणि तो गारवा दुपारपर्यंत पुरवतात.

पंखा खोली गार करत नाही, अंगावरचा घाम वाळवतो. म्हणून त्याची पाती जमिनीपासून अडीच मीटरच्या आसपास हवीत. साडेचार मीटरच्या छताला आखूड दांडीने टांगलेला पंखा वरचीच गरम हवा घुसळत बसतो. लांब रॉड बसवून घेणे हे तासाभराचे काम आहे, तरी ते वर्षानुवर्षे राहून जाते.

वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडण्याची जुनी रीत आणि आजचा कूलर यांचे तत्त्व एकच. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषते. हवा ४० अंश व आर्द्रता २० टक्के असताना चांगला कूलर २६ अंशांच्या आसपासची हवा देऊ शकतो. कूलर खिडकीबाहेर असावा आणि समोरची खिडकी वा झरोका उघडा. बंद खोलीत तो थोड्या वेळात नुसता दमटपणा वाढवतो. वातानुकूलन यंत्राचे याच्या उलट : त्याला खोली बंद लागते आणि उंच खोलीत ते जास्त हवेवर राबते, म्हणून निजायच्या एका खोलीपुरते खोटे छत घालणे परवडते. सबंध वाड्याला ते घातले, तर झरोके कायमचे जातात.

जूनमध्ये हवा दमट झाली की कूलरचा उपयोग संपतो. मग पश्चिमेचा वारा घरातून आरपार जाईल अशा समोरासमोरच्या खिडक्या आणि पंखा, एवढेच कामी येते.