श्वान-भौतिकोपचाराचे शिक्षण आणि दोन व्यवसायांमधली हद्द

शस्त्रक्रिया, इजा किंवा पक्षाघात यांनंतर कुत्र्याच्या स्नायूंची ताकद आणि सांध्यांची हालचाल शक्य तितकी पूर्ववत करणे, याला शारीरिक पुनर्वसन म्हणतात. या कामाचे रीतसर प्रशिक्षण गेल्या तीस-चाळीस वर्षांतच उभे राहिले. ते थेट पशुवैद्यकातून निपजले नाही. माणसांचा भौतिकोपचार, म्हणजे रूढ भाषेत फिजिओथेरपी, आधी घोड्यांकडे गेला आणि मग कुत्र्यांकडे आला. या वाटचालीत उपचाराचा गुण येतो की नाही या प्रश्नाइतकाच, प्राण्यावर उपचार करण्याचा कायदेशीर अधिकार कोणाचा, हा प्रश्नही निर्णायक ठरला.

ब्रिटनमध्ये चार परिचारिकांनी 1894 मध्ये प्रशिक्षित मर्दनकर्त्या स्त्रियांची संस्था काढली. मसाजाच्या नावाखाली चालणाऱ्या भलत्या धंद्यांमुळे बदनाम झालेल्या कामाला प्रतिष्ठा मिळवून देण्याचा तो प्रयत्न होता. 1920 मध्ये या संस्थेला राजसनद मिळाली आणि पुढे हीच संस्था तेथील भौतिकोपचारकांची अधिकृत संघटना बनली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास चार्ल्स स्ट्राँग या भौतिकोपचारकाने लॉर्ड माउंटबॅटन यांच्यावर उपचार केले आणि त्यांच्याच आग्रहावरून तो पोलोच्या घोड्यांकडे वळला. विजेच्या सौम्य, तालबद्ध प्रवाहाने स्नायू आकुंचित करण्याची माणसांवर वापरली जाणारी पद्धत त्याने घोड्यांना लागू केली आणि 1967 मध्ये घोड्यांच्या इजांवरील उपचारांचे पुस्तक प्रसिद्ध केले. हा आरंभ घोड्यापासून व्हावा यात नवल नाही, कारण शर्यतीचा किंवा पोलोचा घोडा लंगडा झाला की मालकाचा पैसा बुडतो. घरच्या कुत्र्यावर तसा खर्च करण्याची तयारी समाजात पुष्कळ उशिरा आली.

दरम्यान कायद्याने एक फट ठेवली होती. प्राण्यांवरील उपचार नोंदणीकृत पशुवैद्यांपुरते राखून ठेवणाऱ्या ब्रिटिश कायद्याला 1962 च्या एका आदेशाने अपवाद जोडला, तो असा की पशुवैद्याने प्राण्याची तपासणी करून उपचार ठरवून दिला असेल, तर त्याच्या निर्देशाखाली दुसऱ्या व्यक्तीला भौतिकोपचार करता येईल. याच आधारावर सनदी भौतिकोपचारकांनी 1985 मध्ये प्राण्यांवरील उपचारांसाठी आपली स्वतंत्र संघटना स्थापन केली. आधी माणसांवर शिकावे आणि मग प्राण्यांकडे वळावे, हा तिचा क्रम होता. मात्र ‘भौतिकोपचारक’ या पदनामाला कायद्याचे संरक्षण मिळाले, तरी ‘पशु-भौतिकोपचारक’ या पदनामाला ते मिळाले नाही. त्यामुळे अल्प मुदतीचा अभ्यासक्रम केलेला आणि अनेक वर्षे शिकलेला, असे दोघेही आजवर तीच पाटी लावू शकतात. ही उणीव साधी नव्हे.

अमेरिकेत या विषयाला खरी चालना शस्त्रक्रियेने दिली. कुत्र्याच्या मागच्या पायाच्या गुडघ्यातील क्रूशिएट अस्थिबंध तुटणे हे त्याच्या लंगडण्याचे फार मोठे कारण आहे. बार्क्ले स्लोकम यांनी 1993 मध्ये नडगीच्या हाडाचा वरचा भाग कापून, फिरवून, पट्टीने बसवण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केल्यावर गुडघा स्थिर करण्याचा प्रश्न बराच सुटला, पण मांडीचे गळालेले स्नायू नुसत्या विश्रांतीने भरून येत नव्हते. माणसांच्या बाबतीत लवकर हालचाल सुरू करण्याचा पायंडा तोवर पडला होता. 1999 मध्ये ओरेगनमधील कॉर्व्हॅलिस येथे या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्याच सुमारास टेनेसी विद्यापीठात डॅरिल मिलिस हे पशुशल्यचिकित्सक आणि डेव्हिड लेव्हिन हे माणसांचे भौतिकोपचारक, अशा जोडीने प्रमाणपत्र अभ्यासक्रम उभा केला, तर जॅनेट व्हॅन डाइक यांची फ्लोरिडातील संस्था काही वर्षांनी निघाली. या अभ्यासक्रमांना पशुवैद्य आणि भौतिकोपचारक शेजारी बसत: एकाला रोगनिदान येत असे, दुसऱ्याला हाताखाली सांधा किती अडतो हे कळत असे, आणि दोघांनाही दुसऱ्याचे अर्धे शिकायचे असे.

शिकवायचे काय, हे ठरवण्यासाठी आधी मोजायला शिकावे लागले, कारण कुत्रा आपले दुखणे सांगत नाही, तो दुखऱ्या पायावरचा भार गुपचूप दुसऱ्या पायांवर टाकतो. गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजणारे दोन भुजांचे साधे साधन, कुत्र्यावर भरवशाचे आहे का, याची तपासणी 2002 मध्ये 16 लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर झाली. गुंगीचे औषध देऊन आणि न देता घेतलेल्या मापांत लक्षणीय फरक आढळला नाही, म्हणजे निव्वळ मोजण्यासाठी कुत्र्याला गुंगी देण्याची गरज उरली नाही. पाण्यातील ट्रेडमिलचेही असेच झाले. काचेच्या टाकीतील या फिरत्या पट्ट्यावर पाणी घोट्यापर्यंत असेल तर कुत्र्याच्या पायांवर त्याच्या वजनाचा सुमारे 91 टक्के भार राहतो, गुडघ्यापर्यंत असेल तर 85 टक्के, आणि खुब्यापर्यंत चढवले की तो एकदम 38 टक्क्यांवर येतो. त्यामुळे पाण्याची पातळी हीच मात्रा ठरली. शस्त्रक्रियेनंतर पाणी उंच ठेवायचे आणि पाय बळावत जाईल तसे ते उतरवायचे, हा पाठ आता कोणत्याही वर्गात शिकवला जातो.

2010 मध्ये अमेरिकी पशुवैद्यक संघटनेने क्रीडा-वैद्यक आणि पुनर्वसन या विषयाला स्वतंत्र विशेष शाखेची मान्यता दिली. घोडे आणि कुत्रे असे तिचे दोन विभाग आहेत, आणि तिच्या परीक्षेला पशुवैद्यालाच बसता येते. दोन व्यवसायांनी मिळून वाढवलेल्या विद्येचे सर्वोच्च पद अशा रीतीने एकाच व्यवसायाकडे गेले. भौतिकोपचारकांसाठी प्रमाणपत्राची वाट तेवढी उरली. तीही नेवाडा किंवा कोलोरॅडोसारख्या काही राज्यांत स्वतंत्र नोंदणीमुळे रुंद आहे, तर इतरत्र पशुवैद्याच्या देखरेखीवर अवलंबून आहे.

भारतात हीच हद्द 1984 च्या पशुवैद्यक परिषद कायद्याच्या 30 व्या कलमात आखलेली आहे. मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय 1886 पासून पदवीधर घडवत आले असले, तरी प्राण्यावर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्याचा आहे हे तत्त्व देशभर लागू झाले ते या कायद्याने. ब्रिटिश आदेशाप्रमाणे याही कलमाला अपवाद आहे, पण तो पशुधन पर्यवेक्षकासारख्या पदविकाधारकांसाठी आहे, माणसांवर शिकलेल्या भौतिकोपचारकासाठी नाही. पशुवैद्याच्या देखरेखीखाली या पदविकाधारकांना द्यायच्या किरकोळ सेवांमध्ये लसीकरण, खच्चीकरण आणि जखमांची मलमपट्टी यांची नावे आहेत, आणि त्यांत भर घालण्याचा अधिकार राज्य सरकारांकडे ठेवलेला आहे.