वतनाचे हस्तांतरण आणि पत्नीचा अधिकार : माहूरच्या रायबागनच्या संदर्भात एक अभ्यास

तीन बाजूंनी पैनगंगेने वेढलेले माहूर आज रेणुकादेवीचे शक्तिपीठ व दत्तस्थान म्हणून सर्वपरिचित आहे. मध्ययुगात मात्र या स्थानाचे महत्त्व राजकीयही होते. 'ऐन-ए-अकबरी'मध्ये माहूरचा उल्लेख वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून येतो. याच माहूरच्या देशमुखीशी रायबागन या कर्तबगार स्त्रीचे नाव जोडलेले आहे. मराठी इतिहासलेखनात तिची आठवण प्रामुख्याने उंबरखिंडीच्या लढाईपुरती होते. पुरुषाने उभारलेले वतन व लष्करी पथक स्त्रीच्या हाती कसे आले आणि तिच्या हाती नेमके काय आले, हा प्रश्न त्या मानाने दुर्लक्षित राहिला आहे. पतीचा व्यवसाय पत्नीच्या नावे करण्याचा व्यवहार आजही घरोघरी होत असल्याने हा प्रश्न केवळ मध्ययुगापुरता राहत नाही.

माहूरचे राजे उदाराम हे प्रथम निजामशाहीच्या चाकरीत होते. पुढे ते जहांगीराच्या काळात मोगलांना मिळाले. इ. स. १६२३ मध्ये शहाजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, बापाविरुद्धचे बंड फसल्यावर बुऱ्हाणपूरहून माघार घेत माहूरमार्गे तेलंगणाकडे गेला. दख्खन आणि तेलंगण यांच्या वाटेवर माहूर किती मोक्याचे होते, हे या प्रसंगावरून ध्यानात येते. अशा ठिकाणच्या देशमुखाला दोन्ही बाजूंनी किंमत असे.

उदारामांच्या घराण्याकडे असलेली मालमत्ता दोन भिन्न प्रकारची होती. देशमुखी हे परगण्याचे वंशपरंपरागत वतन होते. त्याला हक्क, लवाजमा व मानपान जोडलेले असत. ते वाटून घेता येई, प्रसंगी विकताही येई. त्यावर वाद झाल्यास गोतसभा बसे आणि महजर होई. मनसब व तिच्यापोटी मिळणारी जहागीर यांचे स्वरूप याच्या अगदी उलट होते. मनसब व्यक्तीला मिळे, घराण्याला नव्हे. मनसबदार वारला की ती संपे आणि पुढे काय द्यायचे हे बादशहा ठरवी. मनसबदाराने ठरलेले घोडेस्वार बाळगायचे, घोड्यांना डाग देऊन हजिरी द्यायची आणि त्या बदल्यात जहागिरीचा वसूल घ्यायचा, अशी ही व्यवस्था होती. हजिरीत स्वार कमी भरले तर जहागिरीला कात्री लागण्याची भीती असे. थोडक्यात, वतन ही स्थावर पुंजी होती आणि मनसब हा दरबाराशी केलेला चालता करार होता. पहिली वारसाने मिळे; दुसऱ्यासाठी मात्र पात्रता पुन्हा सिद्ध करावी लागे.

रायबागनचे वेगळेपण येथेच आहे. प्रचलित परंपरेनुसार तिचे मूळ नाव सावित्रीबाई असून ती उदारामांची पत्नी होती. घरातील कर्ते पुरुष गेल्यानंतर तिने देशमुखी सांभाळली, तसेच पथक घेऊन मोगलांच्या मोहिमांत भागही घेतला. 'रायबागन', म्हणजे राजव्याघ्री, हा किताब तिला मोगल दरबाराकडून मिळाला. किताबाला केवळ गौरव समजणे अपुरे ठरेल. ज्या व्यवस्थेत स्त्रीच्या नावे मनसबीची वहिवाट नव्हती, तेथे असा किताब ही दरबाराने तिच्या ताब्याला दिलेली मान्यताच होती. वतनावर तिचा हक्क घराण्याच्या नात्याने आला. पथकावरील हक्क तिने रणात मिळवला.

या दृष्टीने उंबरखिंडीचा प्रसंग पुन्हा पाहण्याजोगा आहे. शाहिस्तेखान पुण्यात तळ देऊन असता त्याने कारतलबखान उझबेकास कोकणात उतरण्यास पाठवले. खान लोणावळ्याकडून कुरवंड्याच्या घाटाने खाली उतरला आणि २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीत पुढून-मागून कोंडला गेला. कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारत' या संस्कृत ग्रंथात या लढाईचे वर्णन आहे. या अरण्यात शिरणेच चुकीचे होते असे खानाला सुनावून शिवाजी महाराजांना शरण जाण्याचा सल्ला रायबागनने दिला, असे त्यात म्हटले आहे. खानाने दूत पाठवला, खंडणी दिली आणि सैन्य बचावले. हा सल्ला बहुधा शहाणपणाचा किंवा भीतीचा म्हणून नोंदवला जातो. त्यामागे आणखी एक हिशेब असणे शक्य आहे. खानाची फौज बादशहाची होती. बुडाली तरी दुसरी मिळाली असती. रायबागनचे घोडे व माणसे तिच्या घराची होती. ती खिंडीत गेली असती तर हजिरी, जहागीर आणि माहूरची पत या तिन्ही गोष्टी पणाला लागल्या असत्या. तिचा सल्ला मालकिणीचा होता.

परंतु 'मालकीण' हा शब्द येथे जपून वापरावा लागतो. लातूरच्या शेजारीच असलेल्या कल्याणी (आजचे बसवकल्याण) येथे विज्ञानेश्वराने लिहिलेल्या 'मिताक्षरे'ने निपुत्रिक व विभक्त पुरुषाच्या वारसांत पत्नीला पहिले स्थान दिले. मुलगा असेल किंवा कुटुंब एकत्र असेल, तर मात्र तिच्या वाट्याला पोटगीच उरे. पतीने प्रेमाने दिलेल्या वस्तूंवर पत्नीचा हक्क नारदस्मृतीने मानला आहे. पण तेथेही स्थावराचा अपवाद केला आहे. दागिना तिने हवा तसा द्यावा, जमीन नव्हे. ताबा आणि उपभोग पत्नीकडे व विल्हेवाटीचा अधिकार घराण्याकडे, ही विभागणी पुढे अनेक शतके टिकली. रायबागनचे सामर्थ्य कितीही मोठे असले तरी ते या चौकटीतच वावरत होते.

पती हयात असताना पत्नीच्या नावे स्वतंत्र मालमत्ता करण्याचे ठळक उदाहरण होळकरांच्या घराण्यात सापडते. मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे १७३४ मध्ये पेशव्यांकडून खासगी जहागीर मिळाली. दौलतीचे उत्पन्न फौज व कारभारासाठी आणि खासगीचे उत्पन्न बाईंसाठी, अशी स्पष्ट फारकत यातून झाली. सरंजाम सरकारच्या मर्जीवर अवलंबून असल्याने तो कधीही जप्त होऊ शके. अशा वेळी घराला आधार राहावा, हा या योजनेचा एक फायदा होताच. धंद्याची जोखीम घरापर्यंत पोहोचू नये म्हणून आजचा उद्योजक जे करतो, त्याची ही जुनी तऱ्हा म्हणता येईल. गौतमाबाईंच्या निधनानंतर १७६१ मध्ये खासगी अहिल्याबाईंकडे आली. त्यांच्या बांधकामांचा व दानधर्माचा मोठा आधार तीच होती. येथे पत्नीच्या नावावरील मालमत्ता नुसती कागदावर राहिली नाही, हे महत्त्वाचे.

माहूर पुढे निजामाच्या राज्यात गेले. ब्रिटिश हिंदुस्थानात १९३७ च्या कायद्याने विधवेला पतीच्या मालमत्तेत हिस्सा दिला, पण तोही मर्यादित, हयातीपुरता. हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर १९४९ मध्ये तेथील जहागिरी रद्द झाल्या. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ ने स्त्रीच्या ताब्यातील मालमत्तेवर तिला पूर्ण मालकी दिली. मिताक्षरेपासून चालत आलेली ताबा व मालकी यांमधील दरी कायद्यात येथे बुजली.

व्यवहारात ती तशी बुजलेली नाही. खाजगी कंपनीतील हिस्सा पत्नीला द्यायचा तर समभाग-हस्तांतरणाचा अर्ज, मुद्रांक शुल्क, संचालक मंडळाची मंजुरी आणि सभासद नोंदवहीतील नोंद हे टप्पे असतात. अनेक कुटुंबांत ते टाळून केवळ नामनिर्देशन केले जाते आणि तेच हस्तांतरण समजले जाते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेसंबंधीच्या वादात स्पष्ट केले की, समभागांचा नामनिर्देशित व्यक्ती हा मालक होत नाही. वारसांचा हक्क कायम राहतो. नामनिर्देशित पत्नी म्हणजे जुन्या भाषेत ताबेदारच. उलट बाजूही आहे. मोबदल्याशिवाय पत्नीला दिलेल्या मालमत्तेचे उत्पन्न आयकराच्या हिशेबात पुन्हा पतीच्याच उत्पन्नात धरले जाते. दिले तरी दिले नाही, असा हा प्रकार.

माहूरच्या बाजारात रेणुकादेवीचा तांबूल-विडा विकणाऱ्यासारख्या एखाद्या छोट्या दुकानाचा विचार केला तर अडचण आणखी स्पष्ट होते. असे एकल मालकीचे दुकान कायद्याने मालकापासून वेगळे नसते, त्यामुळे ते एका सहीने पत्नीच्या नावे करता येत नाही. माल, गाळ्याचा भाडेकरार, परवाना आणि बँकेचे खाते एकेक करून बदलावे लागते. जीएसटीची नोंदणी असल्यास ती मालकाच्या पॅनशी बांधलेली असल्याने पत्नीला नवीन नोंदणी घ्यावी लागते. विडा कुटणारी, गल्ल्यावर बसणारी व उधारी लक्षात ठेवणारी तीच असली, तरी यांपैकी एकाही कागदावर तिचे नाव आपोआप येत नाही.