अंगण, वाळू आणि ओपन स्पेस

‘जालना सोने का पालना’ ही म्हण जालनेकर बाहेरगावच्या पाहुण्याला पहिल्या चहाबरोबरच ऐकवतो. म्हणीतला पाळणा व्यापाराचा आहे. कापूस, धान्य, मोसंबी, पुढे बियाणं आणि सळ्या अशी त्याची दोरी एका धंद्याकडून दुसऱ्याकडे गेली. पोरांनी झुलायच्या खऱ्या पाळण्याची हकीकत मात्र याच गावात फार साधी आहे. मोठ्यांचं काम भागल्यावर जी जागा उरली, ती पोरांची.

आणि अशी जागा पूर्वी पुष्कळ उरायची. वाड्याचा चौक धान्य वाळवून झालं की रिकामा, देवळाचा पार दुपारी रिकामा आणि कुंडलिकेचं पात्र पावसाळा सोडला तर जवळजवळ वर्षभर रिकामं. पाच-सहा वर्षांच्या मुलाला याहून काय हवं? ओल्या वाळूत पाय खुपसायचा, वरून थापायचं आणि अलगद पाय काढून घेतला की खोपा तयार. १८२७ च्या सुमारास इंग्रजांनी हैदराबाद कंटिन्जंटच्या फौजेसाठी इथे छावणी वसवली. छावणीबरोबर आखीव मैदानं आली, पण ती कवायतीसाठी. १९०३ मध्ये छावणी उठली. सदर बाजार हे नाव मागे राहिलं आणि नदीपलीकडच्या जुन्या वस्तीला ‘कदीम जालना’ म्हणायची सवयही. लहानग्यांसाठी म्हणून मुद्दाम जागा राखावी, हे तोवर इथे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. येण्याचं कारणही नव्हतं.

ते डोक्यात आलं लांब, जालना ज्यात होतं त्या निजामाच्या राज्याबाहेर. १९२० मध्ये गिजुभाई बधेकांनी भावनगरात बालमंदिर काढलं. ताराबाई मोडक तिथे त्यांच्याबरोबर काम करू लागल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. मादाम माँटेसरींची पद्धत दोघांनाही पटलेली होती, पण तिची साधनं महाग. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली, अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या, आणि साधनांचा प्रश्न समुद्रकिनाऱ्याने सोडवला. शिंपले, खडे, बिया, पानं. मोजायला तीच, मांडायला तीच, खेळायलाही तीच.

खरी अडचण निराळीच निघाली. आदिवासी पाड्यावरची मुलं बालवाडीपर्यंत येतच नव्हती. आई-बाप मजुरीला, मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटं भावंड, समोर शेरडं राखायची. तेव्हा शिक्षिकाच पाड्यावर गेल्या. झोपडीपुढची जागा झाडून घेतली, मुलांचे हातपाय धुतले, केस विंचरले आणि तिथेच खेळ मांडला. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. हेच काम १९५७ मध्ये डहाणू तालुक्यातल्या कोसबादच्या टेकडीवर गेलं. तिथे गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाली. मराठीत लहान मुलांच्या जागेविषयी इतका नेमका विचार नंतर क्वचितच झाला असेल. मूल जिथे आहे तीच जागा नीट करायची, एवढंच त्याचं सूत्र होतं.

शहरांनी मात्र दुसरी वाट धरली. १९५२ मध्ये मुंबईत मलबार हिलवर कमला नेहरू पार्क झालं आणि त्यातल्या म्हातारीच्या बुटाने महाराष्ट्रभरच्या पोरांना वेड लावलं. पुण्याच्या पेशवे पार्कात १९५६ मध्ये फुलराणी धावू लागली. दोन्ही गोष्टी देखण्या, पण वर्षातून एकदा, सुट्टीत, नवे कपडे घालून बघायला जायच्या. नगरपालिकांनी बालोद्यानाचा नमुना उचलला तो हाच: घसरगुंडी, सी-सॉ, झोपाळे, फाटक आणि वेळेची पाटी. जालन्याची मोतीबाग मोती तलावाच्या शेजाराने आधीच नावाजलेली. पण ती गावाची बाग, गल्लीची नव्हे. तीन वर्षांचं मूल एकटं किती लांब जाईल? हाकेच्या अंतरापर्यंत.

गल्लीतल्या जागेचा विचार अखेर कायद्याने केला, तोही गुंठ्यांच्या भाषेत. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याने विकास आराखड्यात खेळाच्या मैदानाचं आरक्षण टाकायची सोय केली. त्याच कायद्याच्या १२७व्या कलमात पळवाटही आहे. ठरलेल्या दहा वर्षांत जागा ताब्यात आली नाही, तर मालक नोटीस देतो आणि नोटिशीची मुदत टळली की आरक्षण आपोआप संपतं. राहिली ले-आऊटमधली ‘ओपन स्पेस’. २०२० च्या एकात्मिक नियमावलीनुसार ०.४ हेक्टर आणि त्याहून मोठ्या ले-आऊटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. एकराला चार गुंठे. प्लॉट विकताना नकाशात ती हिरव्या रंगाने रंगवलेली असते. पुढे तिथे काय उभं राहतं, हे मराठवाड्यातल्या कुठल्याही नव्या वसाहतीत फेरी मारून पाहावं. आधी बोअर, मग पाण्याची टाकी, मग एक छोटं देऊळ, मग मंडप. अलीकडे त्यात भर पडली ती ओपन जिमची. आजोबा लोकांची सोय झाली हे खरं, पण त्या लोखंडी दांड्यांच्या सांध्यात बोटं घालणारी असतात नातवंडंच.

दरम्यान कोसबादचा शब्द दिल्लीला पोचला होता. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. ही योजना पसरत होती त्याच काळात, १ मे १९८१ ला, जालना जिल्हा वेगळा झाला. नाव गावोगाव पोचलं, अंगण वाटेत सांडलं. कितीतरी केंद्रं भाड्याच्या एका खोलीत किंवा समाजमंदिराच्या कोपऱ्यात भरत आली. केंद्र सरकारने २०११ मध्ये मापदंड दिला: किमान ६०० चौरस फूट बांधीव जागा, शिवाय आत-बाहेर खेळायची जागा. ६०० फूट म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून जरासं जास्त. बाहेरच्या जागेला आकडाच नाही, आणि ज्याला आकडा नाही त्याचं अंदाजपत्रक होत नाही.

म्हणूनच डागडुजीची वेळ आली की पैसा दिसणाऱ्या वस्तूंवर जातो. रंगीत घसरगुंडी येते, भिंतीवर हत्ती आणि मुळाक्षरं येतात, जमिनीवर पेव्हर ब्लॉक. जालन्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा लोखंडी घसरगुंडीवर उघडी मांडी टेकवून बघावी, आणि झोक्यावरून पडणाऱ्या पोराचं डोकं ब्लॉकवर कसं आपटतं याचाही विचार करावा. झोक्याखाली हवी ती ढोपरं फुटू न देणारी, जाड थराची वाळू. गंमत अशी, की ज्या जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते, जिथे वाळूघाटांचे लिलाव होतात आणि रात्री हायवा ट्रक धावतात, तिथे पोरांच्या वाट्याला वाळू येते ती शेजाऱ्याच्या बांधकामापुढच्या ढिगाची. चाळणीने चाळताना बाजूला पडलेले शिंपले पोरं खिशात भरतात. बोर्डीच्या बालवाडीत हेच तर साधन होतं.

वाळूसारखंच झाडाच्या झोक्याचं, हे श्रावणात कळतं. नागपंचमीला खेड्यापाड्यांत लिंबाच्या आडव्या फांदीला दोर बांधतात. झोका बायकांचा, माहेरी आलेल्या लेकींचा. त्यांचा सण एका दिवसाचा, दोर मात्र पुढे कितीतरी दिवस तसाच लटकलेला राहतो. बायका शेताला गेल्या की खाली घडी केलेलं पोतं टाकून पोरं रांग लावतात, आणि जिचा नंबर आहे ती उतरता उतरत नाही.