विनाइलला चीर? आधी खालची जमीन तपासा

विनाइलच्या फ्लोअरिंगला चीर पडली किंवा सांधे उघडले, की दोष मालाला दिला जातो. प्रत्यक्षात अनेकदा खालचा कोबा किंवा फरशी हललेली असते. तळमजल्यावर भरावाची माती दबते; काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते.

निदान : चीर खालच्या फरशीच्या सांध्यावरूनच जात असेल, तर दोष तळाचा समजावा. नाण्याने ठोकल्यावर पोकळ आवाज आल्यास तेथील थर सुटलेला असतो. कोपऱ्यातील विनाइल उचलून कोब्यातील भेगेच्या टोकांवर पेन्सिलने खूण करावी व तारीख लिहावी. भेग खुणेपुढे सरकल्यास हालचाल सुरू आहे. काळ्या मातीवरील घरात एक पावसाळा आणि एक उन्हाळा वाट पाहावी.

दुरुस्ती : हालचाल थांबल्याशिवाय ठिगळ टिकत नाही. ती थांबल्यावर उरलेला तुकडा नक्षी जुळवून चिरेवर ठेवावा आणि दोन्ही थर एकदमच कापावेत, म्हणजे माप अचूक येते. सुट्या फरश्या पुन्हा बसवाव्यात, भेगा भरून पृष्ठभाग समतल करावा. तो पूर्ण वाळल्यावरच ठिगळ चिकटवावे.

भिंतींनाही तिरक्या भेगा असल्यास मात्र आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरचा सल्ला घ्यावा.