किल्लारीच्या आशाताईचं कुळ

किल्लारीतलं कुठलंही एक घर घ्या. सून बाळंतीण, मांडीवर दहा दिवसांचं लेकरू, थोरलं पोर तीन वर्षांचं, सासू विधवा आणि बीपीच्या गोळ्यांवर. या एका घराला सरकारची पाच दारं लागतात. बाळाच्या लसी उपकेंद्रात नाहीतर प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात. ती चालवते जिल्हा परिषद, आणि तिथला वरिष्ठ म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय मात्र जिल्हा परिषदेचं नाही. ते राज्याच्या आरोग्य खात्याचं, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीतलं. तिथून ‘लातूरला न्या’ म्हणाले तर पुढचं मोठं रुग्णालय सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं, म्हणजे वैद्यकीय शिक्षण खात्याचं. थोरल्या पोराचा आहार अंगणवाडीतून, ती महिला व बालविकास खात्याकडे. आणि सासूचं निराधार योजनेचं अनुदान तहसील कचेरीतून.

प्रत्येक दाराची वेळ वेगळी, कागद वेगळे, साहेब वेगळे. ही सगळी दारं ठाऊक असलेली, कुठल्या दिवशी कुठं जायचं आणि सोबत काय न्यायचं हे सांगणारी बाई गावात असते ती आशाताई. आपली आरोग्यव्यवस्था वरून खाली येताना खात्याखात्यांत वाटली गेली आहे. ती एकत्र येते ती फक्त या बाईच्या पिशवीत आणि वहीत. म्हणून व्यवस्था समजून घ्यायची तर मी मंत्रालयापासून सुरुवात करणार नाही, आशाताईचं कुळ शोधत जाईन.

कागदावरचा मूळपुरुष म्हणजे सर जोसेफ भोर यांची समिती. १९४३ साली नेमली गेली, १९४६ साली तिचा अहवाल आला. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारांवाचून राहता कामा नये, हा त्या अहवालाचा पाया. ब्रिटनमध्ये सामाजिक सुरक्षेवरच्या बेव्हरिज अहवालातून राष्ट्रीय आरोग्यसेवा आकाराला येत होती, ती जुलै १९४८ मध्ये सुरू झाली. आपल्याकडचा विचारही त्याच काळातला आणि त्याच तोलाचा होता. दर दहा ते वीस हजार लोकांमागे ७५ खाटांचं रुग्णालय, असं भोर समितीचं लांब पल्ल्याचं स्वप्न होतं. तूर्तास चाळीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र तरी असावं, ही तडजोड. आजही सपाटीच्या भागात निकष आहे तो तीस हजारांमागे एका केंद्राचा आणि पाच हजारांमागे एका उपकेंद्राचा. ब्रिटनने आपला आराखडा बऱ्याच अंशी उभा केला. आपण तडजोड तेवढी उचलली आणि ७५ खाटा विसरून गेलो.

अहवाल आला तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्ती मिळाली, १९५६ मध्ये हा मुलूख मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर खेड्यातली आरोग्य केंद्रं त्यांच्याकडे गेली. तोवर आणि नंतरही गावात आरोग्य खातं म्हणजे निरनिराळी माणसं होती. देवी काढणारा वेगळा. भिंतीवर तारीख लिहून जाणारा हिवतापाचा माणूस वेगळा. नर्सबाई वेगळ्या, त्यांच्यामागे कुटुंब नियोजनाच्या केसेसचा तगादा. १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने ही कामं एकत्र करून बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी नेमायला सांगितलं. कागद एक झाला, पण मूळ अडचण तशीच राहिली: नर्सबाई गावची नव्हती. पाच हजार लोकवस्तीत चार-सहा गावं येतात. एकटी, परगावची बाई, राहायला धड खोली नाही, रात्री दार वाजलं तर सोबतीला कुणी नाही. ती तालुक्याहून ये-जा करू लागली, यात तिचा दोष फार थोडा.

या अडचणीवरचा तोडगा निघाला मराठवाड्याच्या वेशीवर, तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या जामखेडला. वेल्लोरला वैद्यकी आणि अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे हे दाम्पत्य १९७० मध्ये तिथे आलं. त्यांनीही आधी शिकलेल्या नर्सच गावात ठेवून पाहिल्या. ते जमलं नाही. मग गावातलीच बाई निवडायचं ठरलं. गावाने ज्या बाया पाठवल्या त्यांतल्या पुष्कळ निरक्षर होत्या, कितीतरी दलित होत्या, काही टाकलेल्या, काही विधवा.

आठवड्यातून एकदा त्या जामखेडला येत. वेगवेगळ्या जातींच्या बायका एकत्र जेवत, रात्री एकाच मोठ्या पांघरुणात झोपत. सत्तरच्या दशकातल्या दुष्काळी तालुक्यात ही लहान गोष्ट नव्हती. शिकायच्या काय, तर जुलाबात लेकराला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, बाळंतपणात स्वच्छता कशी ठेवायची, पोराचं वजन कसं बघायचं, कुष्ठरोगाचा चट्टा कसा ओळखायचा. गावी परतल्यावर लोक आधी ऐकत नसत. ज्या घरात जायला मज्जाव होता, त्याच घरातली सून अडली की बोलावणं यायचं. बाई जायची, सुखरूप मोकळी करायची, आणि त्या घराचा उंबरा तिला खुला व्हायचा. आरोळ्यांना १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण जामखेडने जगाला दिलेली खरी गोष्ट म्हणजे अक्षर न येणाऱ्या बाईच्या हाती आरोग्य सोपवता येतं, हा पुरावा.

या कुळाची एक शाखा चीनमध्येही आहे. तिथे १९३०च्या दशकात डिंगशियान परगण्यात गावकऱ्यांनाच आरोग्याचं काम शिकवण्याचा प्रयोग झाला, आणि १९६८ पासून तिथले ‘अनवाणी डॉक्टर’ जगभर गाजले. डिंगशियानचं काम जवळून पाहिलेले जॉन ग्रँट पुढे कलकत्त्याच्या आरोग्यविज्ञान संस्थेचे संचालक झाले आणि भोर समितीवरही होते. या कल्पनेला देशांच्या सीमा कधी फारशा आडव्या आल्या नाहीत.

कल्पना दिल्लीला पोचली आणि २ ऑक्टोबर १९७७ ला जनता सरकारने दर हजार लोकांमागे एक आरोग्यरक्षक नेमायची योजना सुरू केली. तीन महिन्यांचं शिक्षण, महिना पन्नास रुपये. पुढच्याच वर्षी अल्मा-आटाच्या जागतिक परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा पुकारा केला. पण योजनेत जामखेडचा गाभाच निसटला होता. निवडले गेले ते बहुतेक पुरुष, बऱ्याच ठिकाणी सरपंचाच्या गोतावळ्यातले. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाला कोण येऊ देणार? पन्नास रुपयेही वर्षानुवर्षं पन्नासच राहिले, आणि योजना खंगून गेली.

मग किल्लारीत आली ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालेलं. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. दगडमातीच्या जाडजूड भिंती, वर लाकूड आणि मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच छत झोपलेल्यांवर कोसळलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून जवळपास आठ हजार माणसं गेली. सैन्य आलं, देशभरातून डॉक्टर आले, जखमींना लातूर-सोलापूरला हलवलं. त्या दिवसांत बाहेरून आलेल्यांनी जे केलं त्याला तोड नाही. पण महिन्या-दोन महिन्यांत बाहेरचे परतले. मागे उरलं मोडलेलं हाड, न लागणारी झोप, अनाथ पोर, अर्धवट घर. ही कामं तंबू ठोकून होत नाहीत, त्यांना रोज दारात येणारं माणूस लागतं.

बावन्न गावं पूर्णपणे नव्या जागी वसवायची ठरली. त्याहून कितीतरी जास्त गावांत घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण व्हायचं होतं. हप्ता कधी मिळतो, भिंत कशी बांधायची, इंजिनिअर कधी येणार, हे घरोघर पोचवायला माणसं हवी होती. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने सरकारबरोबर त्यासाठी गावातल्याच बायका पुढे आणल्या. त्यांना संवाद सहायक म्हणत. सिमेंटच्या गोणीचा हिशेब मागणारी, भिंतीत आडवे दगड घातले का म्हणून गवंड्याला अडवणारी ही बाई काल-परवापर्यंत डोईवरचा पदर ढळू न देता उंबऱ्याआड उभी असायची. याच बायकांचे पुढे बचत गट झाले, आणि गटाच्या बैठकीत घराइतकंच पोराचं वजन आणि दवाखान्याचं औषध यांवर बोलणं होऊ लागलं.

त्याच काळात तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची हॅलो मेडिकल फाउंडेशन गावोगावच्या बायकांना शिकवत होती. त्या बायकांना गावात भारतवैद्य म्हणून ओळखतात. सास्तूरला भूकंपानंतर स्पर्श रुग्णालय उभं राहिलं. भूकंपाच्या पट्ट्यात जे काम टिकलं, त्याच्या मुळाशी बहुतेक ठिकाणी गावातली बाई सापडते.

तिकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने आरोग्यदूत बायकांकडे नवजात बाळं सोपवली होती. घरी जाऊन वजन करायचं, श्वास मोजायचा, न्यूमोनिया ओळखून उपचार करायचे. तिथले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आल्याचं डिसेंबर १९९९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, तेव्हा शंकेखोरांचीही तोंडं बंद झाली. छत्तीसगडने २००२ पासून ‘मितानीन’ म्हणजे गावातल्याच आरोग्यसेविका नेमायला सुरुवात केली. आणि १२ एप्रिल २००५ ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, त्यातून आशा आली. दर हजार लोकसंख्येमागे एक, त्याच गावची, बहुधा सून. महाराष्ट्रात आधी आदिवासी भागात, मग लातूरसह इतर भागांत.

आता त्या दहा दिवसांच्या लेकराकडे पुन्हा या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई घरी येते. आधी हात धुते. काट्याला अडकवलेल्या झोळीत बाळ ठेवून वजन वाचते. काखेत थर्मामीटर. मग बाळाच्या छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. साठ किंवा त्याहून जास्त भरले तर थेट दवाखाना. बाळ अंगावर नीट पितं का, नाळेला काही लावलं तर नाही ना, बाळंतिणीला ताप आहे का, हे विचारते. निघताना सासूच्या बीपीच्या गोळ्या संपल्यात का ते बघते, निराधारच्या हयातीच्या दाखल्याची आठवण करते, थोरल्याला अंगणवाडीत धाडा म्हणते. पाच खात्यांचं काम एका भेटीत होतं. कोरोनात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ म्हणत घरोघरी फिरली ती हीच. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या दहा लाख आशांचा सन्मान केला.

आणि त्या सगळ्या भेटींचा मोबदला? नवजात बाळाच्या त्या संपूर्ण फेऱ्यांचे मिळून अडीचशे रुपये. कामागणिक पैसे आणि वर थोडं ठरावीक मानधन. महाराष्ट्रातल्या आशांनी संप केले, मुंबईच्या आझाद मैदानात थंडीत बसल्या, तेव्हा २०२४ मध्ये राज्याने महिन्याला पाच हजारांची वाढ लागू केली. वाढ मिळाली हे चांगलंच झालं. पण पगार अजून नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, निवृत्तिवेतन नाही. कागदोपत्री ती स्वयंसेविका आहे. १९७७ ची योजना ज्या चुकीने मेली, गावच्या माणसाकडून नोकरीइतकं काम घ्यायचं आणि देताना हात आखडायचा, तीच चूक आपण या बाईच्या बाबतीत करतो आहोत. उपकेंद्राची इमारत बांधायला निधी मिळतो, मग ते उपकेंद्र ज्या बाईच्या पायांवर गावात पोचतं तिचा पगार खर्चात का बसत नाही, याचं पटण्यासारखं उत्तर मला कुठं मिळालेलं नाही.

आशा, अंगणवाडी सेविका यांच्यासारख्या योजनांमधल्या बायकांना कामगार म्हणून मान्यता द्यावी, किमान वेतन आणि निवृत्तिवेतन द्यावं, अशी शिफारस पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने २०१३ मध्ये केली. ती शिफारस अजून अमलात आलेली नाही.