महाकाय नायकाचा नाइलाज
जपानी पडद्यावर महाकाय जीवांची परंपरा १९५४ च्या ‘गोजिरा’ने रुजवली. रबरी पोशाखातला नट आणि त्याच्या पायांखाली चिरडली जाणारी छोटी नकली शहरे, हे एइजी त्सुबुराया यांचे तंत्र १९६६ मध्ये ‘अल्ट्रामॅन’ मालिकेतून घरोघरी पोहोचले. विनोदी कलाकार हितोशी मात्सुमोतो यांनी २००७ मध्ये ‘दाई निप्पोनजिन’ या आपल्या पहिल्याच चित्रपटात ही परंपरा उलटी करून पाहिली. विजेच्या धक्क्याने महाकाय होणारा त्याचा नायक दाइसातो राक्षसांशी लढण्याचा घराण्याचा वारसा नाइलाजाने चालवतो. आजोबांना मान मिळाला. त्याच्या वाट्याला लोकांची चीड आणि अंगावरच्या जाहिराती आल्या. चित्रपटातले राक्षस संगणकावर घडवलेले आहेत, पण शेवटी तो अचानक जुन्या पोशाखांकडे आणि नकली इमारतींकडे वळतो. हाच त्याचा सर्वांत धाडसी भाग.